आईचं प्रेशर

आई आज दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पाठ खुर्चीला लावून मुकाट्यानं बसली, आणि ते बघून ताई प्रेशरचं यंत्र उघडता उघडता थांबली.

प्रेशर मोजताना माणसानं असंच बसायचं असतं. ताई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सिस्टर. येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. पाय टेकवा, बोलू नका, आधी लघवीला जाऊन या. आईला हे सगळं तोंडपाठ होतं. म्हणूनच ताईला कुठं बाहेरगावी जायचं असलं की आई बरोब्बर उलटं वागायची. पायावर पाय टाकायची, सकाळपासून लघवी दाबून ठेवायची, आणि पट्टा फुगायला लागला की शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. काटा वर जायचा, ताई गंभीर चेहरा करायची आणि जाणं रद्द व्हायचं. हे सोंग ताईला कळत नव्हतं असं नाही. पण आपल्याच आईला तोंडावर खोटं कसं पाडायचं? लोक म्हणायचे, बिचारी आईपायी अडकली. ताईसुद्धा तेच म्हणायची.

आजचं जाणं मोठं होतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एक अख्खा वॉर्ड तिच्या हाताखाली येणार होता. उद्या सकाळी हजर व्हायचं. बॅग दाराशी तयार होती. आईला आपल्या घरी न्यायला धाकटा भाऊ आला होता आणि गाडीची किल्ली बोटात गरगर फिरवत उभा होता.

"ताई, बघ पटकन एकदा, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. गाडी कुणाच्या तरी फाटकासमोर लावलीय मी."

ताईनं आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "बाथरूमला जाऊन आलीस?"

"आत्ताच."

"गोळी?"

"घेतली."

"धाप लागलीय का? थोडं थांबू या का आपण?"

"धाप कशाची? सकाळपासून इथंच बसलेय," आई म्हणाली. "आणि मला बोलायला लावू नकोस. बोललं की वाढतं."

भाऊ हसला. ताईला काही हसू आलं नाही. तिनं नळ्या कानात घातल्या आणि फुगा दाबायला सुरुवात केली. काटा सरसर चढला. मग ती हळूहळू हवा सोडू लागली. अशा दिवशी एकशे ऐंशीच्या आसपास पहिला ठोका यायचाच. आज तिथं काहीच ऐकू आलं नाही. एकशे साठ गेले, दीडशे गेले. एकशे तीसवर ठोका आला, शांत, एका लयीत, तरण्या माणसाचा असावा तसा. बोट ठेवायला जागा नव्हती.

आता उठायचं, बॅग उचलायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. ताईच्या डोळ्यांपुढे तो वॉर्ड आला. भिंतीला लावलेली यंत्रं, त्यांचे चमकणारे पडदे, ते सगळं बिनधास्त हाताळणाऱ्या तिच्या निम्म्या वयाच्या पोरी, आणि त्यांच्या मधोमध जखमा बांधण्यात आणि सुया टोचण्यात जन्म गेलेली ती. तिला भीती वाटली.

"किती?" भावानं विचारलं.

ताईनं नळ्या कानातून काढल्या.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. "वरचं."

किल्ली फिरायची थांबली. "म्हणजे, आजही?" भावानं आईकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. "एवढं प्रेशर असताना मी नाही बुवा तिला नेणार. वाटेत काही झालं म्हणजे? तू कळव त्यांना. मी गाडी नीट लावून येतो." तो जिना उतरून गेला.

ताई पट्टा काढायला लागली, तर आईनं तिच्या हातावर हात ठेवला.

"खरं किती होतं?"

ताई हात सोडवून घेऊन नळ्या गुंडाळायला लागली.

"जायचा दिवस जवळ आला की तुझं तोंड उतरायचं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ताईला सोसवेना. "घास घशाखाली उतरायचा नाही तुझ्या. मला कळायचं, पोरीला जायचं नाहीये, पण तसं म्हणवत नाहीये. मग मीच वाढवून द्यायचे. म्हटलं, म्हातारीच्या नावावर खपून जाईल. नुसतं पायावर पाय टाकून एवढं वाढतं होय? आधी दोन दिवस गोळ्या बंद ठेवायचे मी."

"गोळ्या?" ताई ताडकन उठली. "अगं आई, वेड लागलंय का तुला?"

"मागच्या वेळी हा हात बधिर झाला होता. संध्याकाळपर्यंत कप धरता येईना. तुला बोलले नाही." आईनं तो हात तसाच पुढे धरला. "आता मला नाही झेपत हे. मलाही भीती वाटते."

जिन्यात भावाची पावलं वाजायला लागली.

"परत बघ," आई म्हणाली. "पहिल्यांदा चुकलं म्हणून सांग. चुकतं कधीकधी."

ताईनं खाली बसून नळ्या पुन्हा कानात घातल्या. फुगा दाबला, परत दाबला. काटा चढत चढत दोनशेच्या पुढे गेला, तरी तिची बोटं थांबेनात. हवा सोडायची चावी तिच्या अंगठ्याखालीच होती. पावलं दाराशी आली. आईची बोटं निळी पडायला लागली होती.

"अगं, सोड आता," आई म्हणाली. "हात माझा आहे."