शालीखालचा पट्टा

“आजोबा, आजींचा पट्टा शालीवरून बांधा, म्हणजे मला दिसेल,” हवाई सुंदरी म्हणाली.

दामूअण्णा ओशाळले. खुब्याच्या ऑपरेशननंतर बायकोला आज कुठे शांत झोप लागली होती. पट्टा काचेल म्हणून त्यांनीच तो गुपचूप सोडून वर शाल पांघरली होती.

त्या हवाई सुंदरी मुलीनं शाल उचलली, सुटा पट्टा पाहिला आणि न रागावता वाकून बांधला. तेवढ्यात विमान धाडकन खाली गेलं. आजी जागच्या जागी राहिल्या. मुलगी मात्र छताला आदळून खाली कोसळली.

विमान उतरल्यावर तिला व्हीलचेअरवरून नेऊ लागले. मोडलेला हात झोळीत होता. दामूअण्णा धीर करून पुढे झाले.

“पट्टा मीच सोडला होता, पोरी.”

“कळलं होतं मला. आजींना लागलं नाही ना?”

“खरचटलंसुद्धा नाही. तुझ्या आईला फोन लावून दे, आभार मानतो.”

“नको हो! हात मोडलाय कळलं तर ती नोकरीच सोडायला लावेल,” ती हसली.

 मग नातीच्या वयाच्या त्या मुलीला त्यांनी भर गर्दीत वाकून नमस्कार केला.