रजईबाहेरची पावलं

साथीमुळे बसगाड्या बंद झाल्या आणि बस चालवणारी ती घरात अडकली. नवरा इस्पितळात नर्स, तो महिनाभर तिकडेच मुक्कामाला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. पण पोरांसमोर रडका चेहरा करायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या संध्याकाळी तिने टेबलावर रजया टाकून तंबू केला, आत दिव्यांची माळ लावली. दोन्ही पोरं आत शिरली आणि पाय तेवढे बाहेर काढून ओरडली, "आई, मोजे!"

ती खाली बसली. थोरलीचे पाय चोळून तिने लोकरीचे मोजे चढवले, मग धाकट्याचे. त्याला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला. त्याच्या शेजारच्या पावलांना हात लागला, तर ती बर्फासारखी गार.

"पाय आत घ्या रे दोघांनी," ती म्हणाली.

मोजे घातलेले चार पाय सरसर आत गेले. दोन इवलीशी उघडी पावलं तिथेच राहिली.

रजई उचलायला तिचा हात धजेना, पण त्यांना तसंच टाकून उठायलाही मन होईना. तिने स्वतःचे मोजे काढले.

"कुणाचं का असेना," ती दटावल्यासारखं म्हणाली, "माझ्या घरात कुणी गारठायचं नाही."

मोजे त्या पावलांवर चढवून ती नेटाने चोळत राहिली. हळूहळू बोटं हलली. तंबूत हसू फुटलं. थोरलीचं आणि धाकट्याचं तिने लगेच ओळखलं. तिसरं जरा उशिरा सुरू झालं, आणि ती दोघं गप्प झाल्यावरही थांबेचना.