अडकलेलं चाक

विमानाचं एक चाक खाली यायलाच तयार नव्हतं. इंधन जाळत कॅप्टन बिवलकर दीड तास धावपट्टीभोवती घिरट्या घालत होते. भीती केव्हाच ओसरली होती. उरला होता नुसता थकवा. मागे विमानाचे मालक डोळे मिटून बसले होते.

“दोनदा सांगितलं होतं तुम्हाला, चाक अडकतंय म्हणून,” बिवलकर म्हणाले.

“पुढच्या महिन्यात करून घेणार होतो हो,” मालक पुटपुटले.

शेवटी बिवलकरांनी बाकीची चाकंही वर घेतली आणि विमान पोटावर उतरवलं. ठिणग्या उडाल्या, पंखा वाकला, पण दोघेही सुखरूप बाहेर आले.

मालकांनी त्यांना मिठी मारली. “दुसरं विमान मागवतो, कॅप्टन. संध्याकाळी पुण्याला निघू.”

बिवलकरांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. “तुम्ही निघा. मी एसटीनं जाईन.”