ओला टॉवेल

नवऱ्याचे पहिले सिनेमे नायक-नायिकेच्या लग्नात संपायचे. आमचं लग्न झालं आणि त्यांचे सिनेमे लग्नानंतर सुरू व्हायला लागले. नवराबायकोची भांडणं, पण इतकी खरी की लोक पोट धरधरून हसायचे. "दिग्दर्शकाला बायकांचं मन बरोबर कळतं," असं जो तो म्हणायचा.

ते मन माझं होतं. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून सुरू होऊन "मी तुम्हाला दिसतच नाही का हो?" इथवर गेलेलं आमचं भांडण मी पडद्यावर पाहिलं, शब्दन् शब्द. घरी त्या वाक्याला मी रडले होते. थिएटरात त्याच वाक्याला शिट्ट्या पडल्या. त्या दिवसापासून मी भांडायचं सोडून दिलं. ह्यांना वाटलं, बायको शहाणी झाली.

त्यानंतरचे सगळे सिनेमे आपटले. काल निर्माता घरी येऊन स्पष्टच बोलला, "साहेब, हल्ली तुमची जोडपी फार गोड बोलतात, खोटी वाटतात. त्या टॉवेलसारखं काहीतरी द्या, नाहीतर मला दुसरा दिग्दर्शक बघावा लागेल."

आज हे आंघोळ करून आले आणि माझ्याकडे बघत बघत त्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला. मग तिथंच उभे राहिले. कितीतरी वर्षांनी ते माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघत होते.

 

मी टॉवेल उचलला, दोरीवर वाळत घातला आणि विचारलं, "चहा टाकू?"