पिल्लाची हाक

मोजणीच्या जहाजाच्या मनोऱ्यावर प्यो आजोबांची दुर्बीण फिरता फिरता थांबली. शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या सेरिनने पेन्सिल सरसावली आणि नुसत्या डोळ्यांनी त्या दिशेला पाहिलं. देवमाशाची काळी पाठ वर आली, फवारा उडाला. त्या पाठीला चिकटून दुसरी पाठ, इवलीशी. आई आणि पिल्लू. अठरा दिवसांत पहिल्यांदा. आणि आजोबा तोंडात मिठाची गुळणी धरून उभे.

सेरिनला लिहिता येईना. देवमाशांची ही मोजणी तिची, आणि नियमही तिचाच होता. दुर्बिणीवरच्या माणसाने मोठ्याने हाक द्यायची, तेवढंच लिहिणाऱ्याने लिहायचं. बोट दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, आपण पाहिलेलं घुसडायचं नाही. नाहीतर मोजणीला काडीची किंमत नाही. 'पिल्लं' या रकान्यात अठरा दिवस शून्य होतं आणि मोजणीचा आज शेवटचा दिवस होता. एक जरी पिल्लू नोंदलं गेलं, तर उल्सान बंदराबाहेरच्या या समुद्रपट्ट्यातली मासेमारीची जाळी दर वसंतात तीन महिने उचलावी लागणार होती. नाही नोंदलं, तर जाळी तशीच.

जाळी कुणाला हवी होती, हे बंदरातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. शिकारीवर बंदी आली त्याला जमाना लोटला, पण जाळ्यात चुकून अडकलेला देवमासा विकायची मुभा होती. या बंदरात देवमासे फार चुकायचे. जाळीमालकांचा पुढारी मा दुशिक. त्याची धक्क्यावरच खाणावळ होती. संध्याकाळी मोजणीचं जहाज लागलं की हा दारात हजर.

"डॉक्टरीणबाई, आज किती? या, दोन तुकडे खा. ज्याची मोजणी करता, त्याची चव तरी बघा," असं तो दात कोरत म्हणायचा. काडीच्या टोकाला आलेला मांसाचा तुकडा बघायचा आणि परत तोंडात टाकायचा. सेरिन तोंड फिरवून चालू लागायची.

प्यो आजोबा मात्र त्याच्याकडे बसायचे. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, तरुणपणी शिकारी बोटीच्या डोलकाठीवर बसून देवमासे हुडकायचा. बंदरातले सगळ्यांत तेज डोळे म्हणून दुशिकनेच त्यांना मोजणीवर चिकटवलं होतं. विद्यापीठाची दोन पोरं होती, पण त्यांना दर फेसात देवमासा दिसायचा. खरी मदार आजोबांवर. दुशिक रोज पेल्यात सोजूची दारू ओतायचा आणि आपल्या हाताने त्यांच्या ताटलीत तुकडे वाढायचा. सकाळी तो तेलकट, कुबट वास आजोबांच्या जाकिटातून मनोऱ्यावर चढायचा. सेरिन वारा बघून उभी राहायची.

तीन मैलांवरचा फवारा बिनचूक सांगणाऱ्याला पिल्लूच तेवढं दिसत नाही, हे तिला पहिल्या आठवड्यातच खटकलं होतं. आता उत्तर समोर उभं होतं. विकले गेलेले डोळे. खाल्ल्या मांसाला जागणारा म्हातारा. तिला त्यांच्या सुरकुतलेल्या मानेचीही किळस आली.

"मी काही दाखवणार नाही, आजोबा," ती म्हणाली. "गप्प का आहात, तेवढं सांगा."

दुर्बीण हलली नाही. "दुशिकसाठी नाही. त्याच्या बापालाही मी भ्यायलो नाही."

"मग त्याचं मांस कशाला खाता?"

"सवय. निलाजरा म्हण हवं तर. मांस अजून घशाखाली उतरतं, पोरी. तो शब्द वर येत नाही."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. डोलकाठीवर त्यांचं काम एकच, हाक द्यायची. देवमासा म्हटलं की बोट वळायची. पिल्लू म्हटलं की भाला उडवणाऱ्या तोफेवरचा माणूस नेम बदलायचा. तोफ धडाडायची ती आधी पिल्लावर. मग आई कुठे जात नाही, तिथेच घिरट्या घालते, दुसरा भाला निवांत मारता येतो. अशी जोडी मिळाली की बोटीवर दारू वाटायचे, आणि पहिला पेला हाक देणाऱ्याचा. त्या पेल्यासाठी ते पिल्लंच हुडकत बसायचे.

"भाला त्यांचा होता," आजोबा म्हणाले. "हाक माझी."

आता सेरिनची किळस एकट्या म्हाताऱ्यावर मावेना. ती बंदरावर पसरली, बोटींवर पसरली, आणि फिरून सेरिनच्याच वहीवर आली. अठरा दिवस तीही पिल्लासाठीच टपून बसली होती.

जहाज पुढे सरकत होतं. दोन मिनिटांत ती जोडी मागे पडणार होती, आणि मागे पडलेलं मोजायचं नाही, हाही तिचाच नियम.

"या जहाजावर तोफ नाही, आजोबा," ती हळू म्हणाली.

"ठाऊक आहे."

त्यांनी दुर्बीण सोडली. कठडा धरला, छातीत वारा भरून घेतला आणि डोलकाठीवरच्या जुन्या, लांब सुरात हाक दिली.

"पिल्लूऽऽऽ!"

खाली डेकवरची पोरं दचकून वर बघायला लागली. सेरिनने शून्य खोडलं आणि एक लिहिला. दिशा आणि अंतर विचारायला तिने मान वर केली. आजोबा कठड्यापाशी नव्हते. ते खाली फळीवर उकिडवे बसले होते, डोळे मिटून, दोन्ही हातांनी कान गच्च दाबून.