फूटपट्टीसारखी वेणी

सांगून कुणाला पटायचं नाही, पण दिगंबर शेवाळे एकाच वेळी दोन ठिकाणी बाप होते. धाकटा ओजस दोन महिने हॉस्पिटलात होता. खरे दिगंबर त्याच्या उशाशी बसत आणि घरी थोरल्या शर्वरीजवळ असे हुबेहूब त्यांच्याच चेहऱ्याचा, त्यांच्याच आवाजाचा यंत्रबाबा.

आज मात्र ओजसनेच फर्मान काढलं, "बाबा, तुमच्या गोष्टी ऐकून सलाईनसुद्धा पेंगतं. इथे यंत्राला बसवा आणि तुम्ही ताईकडे जा."

आजारी पोराला सोडून आलात म्हणून शर्वरी फैलावर घेईल, या धास्तीने दिगंबर घरात ताठ चालतच शिरले. "मी यंत्रबाबा. शाळेची वेळ झाली," म्हणत त्यांनी तिची वेणी घातली. चारदा सोडली, पाचव्यांदा कशीबशी रिबीन बांधली.

"ओजस कसा आहे?" शर्वरीने विचारलं.

"आज ताप नाही. मी यंत्र असल्यामुळे मला आनंद होत नाही," दिगंबर म्हणाले आणि त्यांनी नाक ओढलं.

शर्वरीने आरशात पाहिलं. वेणी डाव्या कानाकडे निघाली होती. दिगंबरांनी घाईने रिबिनीला हात घातला, तो तिने घट्ट धरला.

"सोडायची नाही! अशीच जाणार मी शाळेत. आणि साफ खोटं बोलताय तुम्ही, बाबा. यंत्राची वेणी फूटपट्टीसारखी सरळ असते!"