गरम पाणी ओतलं की झालं

जावयाचा फोन आला तेव्हा आनंदाबाई गिरणीपाशी बचत गटाच्या बायकांवर डाफरत होती. कैलाश एवढंच म्हणाला, "आई, दामिनीचा बीपी वाढला. बाळ पोटात वाढून नाही राहिलं म्हणते डॉक्टरीणबाई."

आनंदाबाईनं फोन कमरेला खोचला. गटाची अध्यक्ष चारचौघींत डगमगत नाही.

"लीला, मी वरठीले दामिनीकडं चालली. उद्या धनराज येते. पिठल्याच्या पिठात डाळ निम्मी, तांदळाची तुटकी कनकी निम्मी. मीठ मुठीनं टाकजो, अळी नाही लागत."

"खारट होते, मावशी."

"आपल्याले थोडीच खायचं हाये?"

धनराज तुमसरचा व्यापारी. पोत्यांनी माल नेई. दिवाळीत सगळ्या जणींचा फोटोही काढून नेला होता. पुढं त्या मालाचं काय होतं, कोणी विचारलं नाही.

एसटीत आनंदाबाई बोटांवर महिने मोजत होती. थोरल्या लेकीचं बाळ सातव्यातच गेलं होतं. दामिनीलाही सातवा लागला होता.

दामिनीचे पाय सुजून खांब झाले होते. आनंदाबाईनं बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना.

"काय खाऊन राहिली वं तू?"

"ड्युटीवरून आली का उभं नाही राहवत, आई. मॉलमधलं पाकीट आणतो. गरम पाणी ओतलं की झालं. दोन्ही वेळ तेच."

"डॉक्टरीणबाई काय म्हणते?"

"म्हणते, पोटात डाळ जाते का नुसतं मीठ?"

फळीवर पाकिटांची चळत होती. आनंदाबाईचा चष्मा घरीच राहिला होता. असता तरी अक्षराशी तिची ओळख नव्हती. मेला उंदीर उचलावा तसं एकेक पाकीट तिनं दोन बोटांनी उचललं आणि केराच्या डब्यात टाकलं.

"कोणती सटवी बनवते हे? पोटुशी बाई खाईल, एवढं नाही समजत तिले? सोताच्या लेकीले चारलं असतं का तिनं?"

दामिनीनं वाकून डब्यातलं एक पाकीट काढलं, ओढणीनं पुसलं.

"असं नको बोलू, आई. दुसऱ्या कोणाचं मी कायले खाल्लं असतं? मागं फोटो हाये तुमच्या गटाचा. मधात तूच बसून हाये."